दहा मीटर

आधी कान.
कानांच्या मुळाशी एक सुरकुती पडते,
मग शेपटी आडवी, ताठ,
मग पुढचा डावा पाय, उचललेला तसाच हवेत.
एवढाच वेळ असतो माझ्याकडे.
त्यानंतर भिंगरी माझी नसते.
तिला नाव नसतं.
माझी हाक म्हणजे पलीकडच्या मळ्यातला
कुणाचा तरी पंप.

मार्गशीर्षात गांगुर्डे मामींची कोंबडी गेली.
मी पाचशे रुपये दिले, मामींनी घेतले,
वर म्हणाल्या, नुकतीच अंड्यावर आली होती गं.
घरी येऊन भिंगरी भांडंभर पाणी प्यायली
आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपली,
ओठाला एक तांबूस पीस.

मारलं नाही मी तिला.
सिन्नरच्या मेंढवाड्यातून आणलेली,
आजीपणजीनं सशांमागं धावून धावूनच
हे लांब पाय कमावले,
ही आत ओढलेली पोटाची कमान.
मला आवडली तीच तर कमान.

भद्रकालीतून दोर आणला. सुती, दहा मीटर.
दुकानदारानं विचारलं, विहीर किती खोल?
म्हटलं, अजून मोजतेय.

पौषात पहाटे डाव्या कालव्याच्या कडेनं निघायचो.
द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवलेल्या,
धूर वेलींखालीच बसून राहिलेला,
रामशेज कुठं, ते नुसतं अंदाजानं.
कमरेला बटवा, बटव्यात उकडलेली कलेजी.
शालीला तो वास, चष्म्याला तो वास,
पाकिटातल्या नोटांनासुद्धा.
बँकेतली मुलगी मोजता मोजता थांबली,
आणि काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

बगळा. फार लांब आहे तोवरच
जीभ टाळूला लावून, टॉक्.
वळली, की कलेजी.
खार. टॉक्. कलेजी.
धोंडू भवरची शेळी, तिच्यामागं दोन करडं.
टॉक्. टॉक्. बरं, कलेजी.
मुंगूस.
टॉक्
टॉक् गं बाई
दोर तळव्यातून सर्रकन पेटत गेला.
डॉक्टर म्हणाले, मोट ओढता का या वयात?

मुलगा फोनवर म्हणतो, आई, देऊन टाक कुणाला तरी.
कुणाला तरी म्हणजे कुणाला,
हे त्याला विचारलं की रेंज जाते.

संध्याकाळी गच्चीवर
वेळूच्या काठीला जुन्या परकराची चिंधी बांधून
मी गरगर फिरवते.
धाव, म्हणते. धर, म्हणते. फाड.
ती चिंधीची मानगूट धरून झटकते,
एकदा, दोनदा, मान मोडेपर्यंत,
आणि मी बघत राहते.
कोंबडीच्या वेळी बघवलं नव्हतं.

आता चैत्र. बागा रिकाम्या झाल्या.
काल कालव्यापलीकडच्या ढेकळांतून टिटवी उठली,
पंख मोडल्याचं सोंग करत,
लंगडत, केकाटत,
कुठल्यातरी चार ठिपकेदार अंड्यांपासून
आम्हाला लांब नेत.
कान. सुरकुती. शेपटी. पाय हवेत.
दोर जमिनीवर सैल पडलेला. चूक माझीच,
मी चष्मा पुसत होते.
आणि टॉक् म्हणायला तोंडात ओल नव्हती.

भिंगरी तशीच उभी.
एक श्वास. दुसरा.
मानेपासून शेपटीपर्यंत थरथर,
सगळं अंग पुढं झुकलेलं,
आणि मग एक कान,
एकच, माझ्या बाजूचा,
मागं वळला.

मान वळली नाही. डोळे तर नाहीच.
पण तो कान ऐकायला मागं आला होता,
आणि मी काही बोललेच नव्हते.

सगळा बटवा उपडा केला मातीत.
ती मातीसकट खात राहिली.
टिटवी मात्र कितीतरी वेळ लंगडतच होती,
झालं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

परतताना मामींच्या अंगणात पिल्लं दिसली,
नवी, सहा की सात, सारखी हलतात म्हणून मोजता येईनात.
मामी म्हणाल्या, ये की गं चहाला.
मी दोराचे दोन वेढे मनगटाला घेतले,
मग तिसरा घेतला,
आणि फाटक उघडलं.